अडीच तोळ्यांचा बाण

शुक्रवारी दुपारी आपण बाण तोलत बसलो होतो. एसी बंद, पंखा बंद, खिडकी बंद. वारा लागला की तुझ्या बाबांचा काटा खोटं बोलतो, हे तुझं म्हणणं. अल नहदाच्या त्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी एसी बंद करून घाम पुसत बसणारे नवरा-बायको आपणच असणार. तू पदर खोचला होतास. एका बाजूच्या पारड्याखाली दोऱ्याने बाण टांगायचा, दुसऱ्या पारड्यात तोळ्याची वजनं टाकायची आणि वरच्या बारीक हिशोबाला गुंजा. लाल-काळ्या, तुझ्या बाबांच्या हातच्या. ते सोनार होते. ते गेले, दुकान गेलं, काटा तेवढा तू शारजापर्यंत आणलास.

"हे तीन बाजूला ठेवा," तू म्हणालीस. "चार-चार गुंजा कमी भरतात."

"बरं."

"बरं नाही. माझ्यासमोर ठेवा."

"ठेवतो गं बाई."

"ठेवतो म्हणता आणि खोक्यात घालता. मी ओळखून आहे तुम्हाला."

एवढं बोलून चहा टाकायला उठलीस. मी खोक्यात बाण रचत राहिलो. ते तीन पण घातले. मग दूध उतू गेल्याचा वास आला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "अगं, उतू जातोय!" सत्तावीस वर्षांत तुझ्या हातून चहा कधी उतू गेला नव्हता. तरी मी तिसरी हाक मारून मग उठलो. ओट्याशी पडली होतीस. गॅस चालूच होता.

आज तेरा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाची माणसं येऊन गेली, अंकात तुझ्या फोटोखाली छापायला चार ओळी द्या म्हणाली. जन्म कुठला, शिक्षण किती, स्वभाव कसा. मी सातवी नापास माणूस. चार ओळीत मला काही मांडता येत नाही. आणि स्वभाव प्रेमळ होता म्हणून लिहिलं तर तूच हसशील. तुझा स्वभाव तुझ्या काट्यासारखा होता. गुंजभर इकडचं तिकडे चालायचं नाही. तेव्हा मी तुलाच लिहितो. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

कारखान्यांचा हमरिया झोन नवा होता तेव्हा मला त्या शेडमध्ये फिटर म्हणून घेतलं. अरबाबला, म्हणजे मालकाला, शिकारीचा नाद. बंदुकीसारखा दस्ता आणि पुढे आडवं धनुष्य, असलं हत्यार घेऊन तो वर्षातून एकदा गिऱ्हाइकांना आफ्रिकेत न्यायचा. तिथे फार्मवर परवान्याने शिकार चालते. हत्यारं बाहेरून यायची, बाण आम्ही बांधायचो. नळी कापून आलेली असायची. तिला मागे पिसं, पुढे वजनाचा तुकडा, तुकड्यावर पातं. शेडमधल्या उकाड्यात चिकटवायचा गोंद लावता लावता आवळायचा. म्हणून अरबाबने गेटपास काढून दिला आणि मी बाण घरी आणायला लागलो. पहिल्याच दिवशी तू एक बाण तळहातावर घेतलास, दुसरा घेतलास आणि म्हणालीस, "हे जोडीचे नाहीत."

मी कंपनीच्या मशीनवर बघितलं. खरंच नव्हते. कंपनीत ग्रेन मोजायचे, तू गुंजा मोजायचीस. शेवटी मीच तुझा हिशोब शिकलो. साडेचारशे ग्रेन म्हणजे अडीच तोळे.

आपलं भांडण त्या अडीच तोळ्यांवरूनच होतं. तुला ते आठवत असेल, मला तर जेवताना पण आठवतं. अरबाबला वेग पाहिजे होता. "मिस्तरी, तीर तेज मंगता. गोली के माफिक." हलका बाण तेज जातो, सरळ जातो, लांबवर जातो. आणि पातं घडीचं. म्हणजे दोन पाती चाकूसारखी खाचेत मिटलेली, वर रबरी कडं, लागलं की उघडणार. मिटलेलं असलं की वारा धरत नाही. मला ते फार हुशारीचं वाटायचं. तुला नाही.

"उघडायला जोर लागतो ना?" तू विचारलंस.

"लागतो थोडा."

"मग आत जायला कुठून आणणार? आधीच बाण दोन तोळ्यांच्या आतला. हाडाला लागला तर?"

"तू काय शिकारीला गेली होतीस?"

"मी खाटकाकडे गेले आहे. तो एका घावात मारतो."

"मटण खातेस आणि जनावराची दया येते होय?"

"खाते म्हणून तर सांगते. मारायचं तर आरपार मारा. अडीच तोळ्यांचा बाण करा, पुढे पितळेचा तुकडा घाला, पातं पक्कं लावा."

"पक्कं पातं वारा धरतं. लांबून बाण भरकटतो."

"मग जवळ जा म्हणावं. एवढं लांबून मारायचं म्हणजे भीती वाटते का त्यांना?"

मी हसलो होतो. आणि वर अरबाबला तुझं बोलणं हिंदीत करून सांगितलं होतं. तो पण हसला. म्हणाला, "भाभी को अफ्रीका ले के जाएगा." पण निवड त्याने माझ्यावर सोडली. मोठी खेप होती, त्याची स्वतःची. "तू चुन, मिस्तरी." मी हलका बाण निवडला. एक तोळा अकरा मासे. पातं घडीचं. तू ते बाण तोलून दिलेस, जोड्या लावून दिल्यास, पण तोंडाने एक शब्द बोलली नाहीस. तुझ्या न बोलण्याचं वजन मला तेव्हा कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. दरवर्षीसारखं तू माझी हत्यारं पाटावर मांडलीस. पाने, कानस, पक्कड, आणि बाणांची खोकी. हळदकुंकू, अक्षता, झेंडू. झेंडू बर दुबईच्या देवळापाशी मिळाला, अब्रात, खाडीतल्या होडीत, बसून आणलास. मी कामावर होतो. पोरगी घरी होती, ती तुझ्या हाताशी ताट धरून उभी होती.

अरबाब दहा दिवसांनी परत आला. आल्या आल्या माझ्या टेबलावर एक बाण ठेवला. एक पातं उघडलेलं, दुसरं खाचेत अडकलेलं.

"हड्डी पे लगा, मिस्तरी. अंदर गया नहीं. तीर गिर गया, वो चला गया." घोड्याएवढं हरीण होतं म्हणे, पिळाची शिंगं. "दो दिन खून के पीछे चला मैं. नहीं मिला."

त्याचे डोळे लाल होते. तो रागात नव्हता. रागात असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्याने नखाने ती खाच दाखवली. खाचेत लालसर काहीतरी सुकलेलं होतं. "ये क्या है?"

त्या घटकेला माझ्या डोक्यात काय आलं ते तुला सांगतो. पोरगी दहावीला. फॅमिली व्हिसा माझ्या नोकरीवर. बाण मी निवडलेला. हे सगळं एका दमात आलं आणि माझं तोंड उघडलं.

"अरबाब, कुमकुम है. घर में पूजा होता है. औरत ने लगाया होगा. सूख के जाम हो गया."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हाणतो. तो म्हणाला, "उसको मालूम है?"

"नहीं."

"मत बोलना. पूजा किया है, बुरा काम तो नहीं किया. उसका दिल दुखेगा."

माझी नोकरी राहिली. तो बाण माझ्याकडेच टाकून तो निघून गेला. मी तो फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि बाल्कनीतल्या नटबोल्टच्या डब्याच्या तळाला घातला. फेकला का नाही, ते माहीत नाही. फेकवला नाही.

संध्याकाळी तू वाढता वाढता विचारलंस, "मिळालं का हो त्यांना जनावर?"

"मिळालं. जागच्या जागी पडलं."

"एवढ्या हलक्या बाणाने?"

"हो तर. म्हणून सांगत होतो, तुला त्यातलं काय कळतंय."

हे पण मी बोललो. एक खोटं पुरलं नाही, वर तुला टोमणा पण मारला. तू आमटी वाढलीस.

मग ईद आली. अरबाब खजुराचा डबा घेऊन आपल्या दारात आला, असा मालक दुसरा बघितला नाही. मी कप काढायला आत होतो. तू दारात होतीस. मला स्वच्छ ऐकू आलं. "भाभी, हम नाराज नहीं है. तुम पूजा करो, जरूर करो. खाली कुमकुम डब्बे के बाहर लगाना."

तू थोडी थांबलीस. मग म्हणालीस, "जी, अरबाब."

मी कप हातात धरून ओट्याशी उभा राहिलो. वाटलं, आता आत येशील आणि विचारशील. आलीस. माझ्या हातातले कप घेतलेस, बशा घेतल्यास, बाहेर गेलीस. तो गेल्यावर पण विचारलं नाहीस. मी वाट बघत होतो. आठवडा बघितली, महिना बघितली. एखादी बाई भांडी आपटते, माहेरी जाते म्हणते. तू ईदची सुट्टी संपल्यावर माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्यास. मला त्या गिळवल्या नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला तू सगळ्या हत्यारांना कुंकू लावलंस आणि बाणांच्या खोक्यांना फक्त झाकणावर, बाहेरून, एक एक बोट. मी समोर बसून बघत होतो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. अशा एकूण पाच खंडेनवम्या गेल्या. कुंकू बाहेरून.

आणि मी काय केलं? त्यानंतर एकही हलका बाण बांधला नाही. पक्की पाती, पुढे पितळ, अडीच तोळे भरून. तू पहिल्यांदा तोललास तेव्हा थांबलीस.

"अडीच?"

"अरबाबने सांगितलंय."

"बरं."

अरबाबने काही सांगितलं नव्हतं. मीच त्याच्या हातापाया पडून बदलून घेतलं होतं. त्यानंतरच्या खेपांना जनावरं पडायची, पन्नास पावलांच्या आत. तो येऊन सांगायचा आणि मी तुला सांगायचो, तू "हं" म्हणायचीस. "तू म्हणत होतीस तेच खरं" एवढं सांगायला काय लागत होतं मला? पाच वर्षांत एकदा तरी. तोंडावर यायचं आणि परत जायचं. तूच एकदा म्हणाली होतीस ना, धनुष्याला फार हलका बाण लावला तर उरलेला जोर धनुष्यावरच उलटतो, म्हणून ते तडकतं. तसंच काहीतरी चाललं होतं माझ्या आत, पण मी घट्ट धरून बसलो.

ते जनावर मी कधी बघितलं नाही. तरी ते मला दिसतं. आधी झोपेत दिसायचं, आता जागेपणी पण दिसतं. खांद्यात भोक घेऊन चालतंय, थांबतंय, मागे बघतंय. सापडलं नाही म्हणजे पडलं पण नाही. कॉरिडॉरमध्ये लिफ्टचं दार वाजलं की मला वाटतं, आलं. तू असताना असं वाटलं की मी तुझ्याशी काहीतरी बोलायचो, मीठ कमी आहे, असलं काहीतरी. आता घरात पोरगी ऑफिसला गेली की मी आणि ते. काटा मी अजून टेबलावरून हलवला नाही. काल दुपारी एसी बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि समोर बसलो. पारडं रिकामं होतं. काटा हलत होता. मी श्वास धरून ठेवला, तरी हलत होता. कोणीतरी काहीतरी तोलत होतं, आणि ते भरत नव्हतं.

आता त्या संध्याकाळचं लिहितो. तुला इस्पितळात नेलं, तिथे ठेवून घेतलं. घरीच प्राण गेलेल्या माणसाचे कागद पोलिसांकडून यायचे असतात, उद्या दुपारपर्यंत ताब्यात देऊ म्हणाले. शेजारच्या बायका आल्या, हिरवी साडी काढून ठेवा म्हणाल्या. सवाष्ण गेलीस ना. पोरगी तुझं कपाट उघडून बसली. साडीच्या घडीत तिला एक पुडी मिळाली. सोनार दागिना गुंडाळून देतो तो गुलाबी कागद, तुझ्या बाबांच्या दुकानातला, रंग उडालेला. तिला वाटलं, दागिना असेल. माझ्याकडे आणून दिली.

आत ते पातं होतं. बाणापासून सोडवलेलं. तू बाल्कनीतला डबा उचकला होतास. कधी, देव जाणे.

"बाबा, हे घडीचं पातं त्या बॉक्समधलं आहे ना?" पोरगी म्हणाली. "द वन शी स्किप्ड?"

मी म्हटलं, "काय स्किप्ड?"

"पूजेच्या वेळी. मी दहावीत होते तेव्हा. आईने त्या एका बॉक्सला कुंकू लावलंच नव्हतं. मी म्हटलं, आई, धिस वन इज लेफ्ट. ती म्हणाली, राहू दे, तो हलका आहे. त्याने कुणाचं भलं व्हायचं नाही. आय वॉज होल्डिंग द प्लेट, बाबा."

मी खिडकीपाशी गेलो आणि ती खाच बघितली. कुंकू दहा वर्षं ठेव, लालच राहतं. तुझ्या करंड्याच्या कडेला आपल्या लग्नातलं चिकटलेलं आहे, अजून लाल आहे. खाचेतलं काळं पडलं होतं. शाईसारखं काळं. रक्त होतं ते. मी रक्ताला कुंकू म्हटलं होतं.

मला तेव्हा कळलं होतं का? पाच वर्षं स्वतःला सांगत आलो की कळलं नव्हतं, लालसर दिसलं, वाटलं तसं बोललो. आता तुझ्यापुढे काय लपवायचं. कळलं होतं. मी फिटर माणूस, हाडाला लागून अडकलेलं पातं आणि चिकटून अडकलेलं पातं मला हाताला कळतं. बाण हलका होता म्हणून ते जनावर मेलं नाही. आणि तू सगळं जाणून होतीस. नवरा खोटं बोलला हे जाणून होतीस, कशाबद्दल बोलला ते पण. ते पातं तू धुतलं नाहीस, पुसलं नाहीस. पुरावा म्हणून ठेवलंस, की मी एक दिवस विचारीन म्हणून ठेवलंस? मी विचारायचं होतं का? मला वाटत राहिलं तू विचारशील. तुझ्यासारख्या काट्याच्या बाईने हे एवढं वजन एका पारड्यात ठेवून पाच वर्षं दुसरं पारडं रिकामं ठेवलं, माझ्यासाठी.

मला तुझा राग पण आला, खोटं कशाला सांगू. भांडायचं होतंस गं. एकदा ताट आपटायचं होतंस.

पोरगी रडत होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, आईला अग्नी द्यायच्या आधी मला एक काम आहे. तिला वाटलं, कागदपत्राचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शुक्रवारचं खोकं घेऊन कंपनीच्या व्हॅनमध्ये बसलो. शनिवार होता, कामाचा दिवस. व्हॅनमधल्या माणसांना बातमी कळली होती. ती सरकून बसली. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. बायको तिकडे थंड पेटीत आणि हा ड्युटीला निघाला. शेडमध्ये जाऊन मी ते खोकं उघडलं, तू बाजूला ठेव म्हणालेले तीन बाण शोधून मशीनवर घातले. चार-चार गुंजा कमी. मी ते गुडघ्यावर मोडले.

अरबाब आठला आला. मला बघून दारातच थांबला. "मिस्तरी? तुम इधर क्या करता?"

मी गुलाबी कागद त्याच्या टेबलावर उघडला. "अरबाब, ये कुमकुम नहीं है. खून है. उसने इस डब्बे को हाथ नहीं लगाया था. तीर हलका था. मैंने चुना था. मैं झूठ बोला."

त्याने पातं उचललं, उजेडात धरलं. "पाँच साल," तो म्हणाला. "पाँच साल बाद, आज के दिन ये बताने आया?"

"कल तक बताने का था. कल तक वो थी."

तो खुर्चीत बसला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "मैंने उसको बोला था, नाराज नहीं है. उसके दरवाजे पे." मग म्हणाला, "उसने कुछ नहीं बोला. जी अरबाब बोला." त्याने डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. तो उठला, गाडीची चावी घेतली. "यल्ला, मिस्तरी. मैं छोड़ता है."

सगळ्या रस्त्यात आम्ही एकदाच बोललो. मी विचारलं, "वो जानवर बाद में कभी मिला? किसी को?" तो म्हणाला, "नहीं."

इस्पितळात बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली होती. ओटी भरली होती. एक म्हातारी म्हणाली, कुंकू नवऱ्याने लावायचं, आणि तुझा करंडा माझ्यापुढे धरला. अरबाब दाराबाहेर उभा होता, चपला काढून. मी बोट बुडवलं. तुझं कपाळ गार होतं. मी लावलं, आणि परत बुडवलं, आणि परत लावलं. म्हातारी म्हणाली, "पुरे हो, सांडतंय." तुझ्या नाकावर, पापणीवर थोडं पडलं होतं. पोरगी पुसायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे.